आतल्या चाकाची हवा

टायर फुटला तेव्हा मी तिथे नव्हते! हे आधीच सांगून टाकते, कारण या अख्ख्या प्रकरणात 'मी तिथे नव्हते' असं म्हणणारी मी एकटीच निघाले. बाकी सगळे होते! म्हणजे नव्हतेच, पण बोलत असे होते की जणू त्या चाकाच्या आत मांडी घालून बसले होते आणि टायर फुटल्यावर कपडे झटकत बाहेर आले! मी तो आवाज ऐकलेला नाही, ट्रक दुभाजकावर चढून आडवा झालेला पाहिलेला नाही, रिकाम्या बाटल्यांचा रस्ताभर झालेला चुरा पाहिलेला नाही, ड्रायव्हरचा हात मोडताना पाहिलेला नाही. त्या वेळी मी वर्गात होते आणि फळ्यावर 'मापनातील त्रुटी' असा मथळा लिहीत होते. तुम्ही याला योगायोग म्हणाल. म्हणा. मी योगायोग मानत नाही, पण तुम्हाला अडवत नाही.

तर वहिनीचा फोन आला. "वन्सं, अहो वन्सं, ह्यांचा टायर फुटला!" मी म्हटलं, फुटला तर बदला, त्यात रडायचं काय? "अहो आपल्या गाडीचा नाही हो… ह्यांनी केलेला! ट्रकचा! माणूस जखमी आहे, आणि आरटीओचे साहेब म्हणतायत सगळं ह्यांच्यामुळे!"

आता दादा काय करतो ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या बाकीच्यांसारखं 'रिमोल्ड ना? मग!' म्हणून मोकळे व्हाल. ट्रकचा टायर झिजून गोटा होतो, पण झिजतं काय, तर वरचं रबर. आतला सांगाडा, तारांचा, तो धडधाकट असू शकतो. असू शकतो, असतोच असं नाही, हा फरक नीट ऐका, कारण दादाची सव्वीस वर्षं या एका फरकात गेली आहेत. तो टायर दिव्याखाली धरतो, आतून बाहेरून तळहात फिरवतो, कुठे फुगवटा, कुठे तुटकी तार, कुठे जुनी जखम, आणि दहातले तीन-चार सरळ परत करतो, "हा गेलेला आहे, याला मी हात लावणार नाही." मालक लोक विनवतात, चिडतात, दुसरीकडे नेतात. जे उरतात ते घासायचे, त्यावर नवा रबरी पट्टा चढवायचा, चेंबरमध्ये घालून तापवून दाबून एकजीव करायचा, आणि बाजूला आपला नंबर डागायचा. हाच तो रिमोल्ड. तोच नंबर वहीत. पुढच्या चाकाला तो असा टायर देतच नाही. मागितला तरी नाही. अशा माणसाला नोटीस आली, की तुमचा परवाना रद्द का करू नये याचा खुलासा करावा!

आणि खुलासा कोणापुढे करायचा? ज्यांचं आधीच ठरलेलं आहे त्यांच्यापुढे! तुम्हाला सांगते, त्या आठवड्यात मला जो भेटला त्याने निकाल दिला. शेजारीण म्हणाली, "रिमोल्ड होता ना? मग!" ग्रंथपाल म्हणाला, "रिमोल्ड? मग!" दाताचा डॉक्टर… माझा जबडा उघडा, तोंडात त्याचं ते घरघरणारं यंत्र, म्हणजे प्रतिवाद करण्याची शक्यता शून्य… तो म्हणतो, "रिमोल्ड म्हणजे काय हो, चिकटवलेलंच शेवटी! सुटणारच!" अरे, तू आत्ता माझ्या दातात काय भरतोयस? ते काय उगवलंय तिथे? विमानांच्या चाकांनाही पुन्हापुन्हा रबर चढवतात, तुम्ही बसता की नाही विमानात? बसता, आणि वर खिडकीची जागा मागता! मी असं म्हणत नाही की असा प्रत्येक टायर सुरक्षित असतो. वाईट काम करणारे आहेत, कुजका सांगाडा रंगवून देणारे आहेत. मी एवढंच विचारते की या विशिष्ट ट्रकच्या, या विशिष्ट चाकात, त्या विशिष्ट दिवशी, हवा किती होती?

बस्स! हा एक प्रश्न. एका आकड्याचा. मागच्या बाजूला ट्रकला जोडचाकं असतात, एकाला एक खेटून, एक बाहेरचं, एक आतलं. फुटलं ते आतलं. हवा कमी असली की टायर चालताना दर फेऱ्याला चेपतो, चेपला की तापतो, तापत राहिला की फुटतो. मग तो नवा असो, जुना असो, की दादाचा असो. म्हणून म्हटलं, आधी आकडा शोधू.

गेले ड्रायव्हरकडे. माणूस चांगला, त्याला मी दोष देणार नाही… म्हणजे देणार आहे, पण चांगला आहे. कोपरापासून प्लास्टर, पलंगावर टेकून बसलेला. मी म्हटलं, निघण्यापूर्वी हवा तपासली होती? "तपासली ना ताई! रोज तपासतो. हवा तपासल्याशिवाय मी चावी फिरवत नाही." मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, किती होती? तो म्हणाला, "चांगली होती." मी म्हटलं, चांगली म्हणजे किती? "चांगली म्हणजे… ठण्ण!"

ठण्ण. मी वही काढली होती, पेन टेकवलं होतं. 'ठण्ण' कोणत्या एककात लिहू?

तर पद्धत अशी. त्यांच्याजवळ एक लोखंडी दांडा असतो, टॉमी म्हणतात त्याला. निघताना ट्रकभोवती फेरी मारायची आणि प्रत्येक चाकावर टॉमी हाणायची. ठण्ण वाजलं की हवा आहे. धप्प वाजलं की नाही. झाली तपासणी! आणि हे त्याने मला त्या मोडक्या अवस्थेत, डाव्या हाताने, काठी घेऊन पलंगाच्या पायावर करून दाखवलं! "हे ऐका ताई, ठण्ण… आणि असं झालं की समजायचं गेली… कान तयार लागतो." मी म्हटलं, हवा वीस टक्के कमी असली तर काय वाजतं? "ठण्ण." आणि तीस टक्के? तो विचारात पडला, प्रामाणिकपणे पडला, म्हणाला, "तेव्हापण ठण्णच… पण जरा जड." जरा जड!

बरं, हे बाहेरच्या चाकाचं झालं. मी विचारलं, आतल्या चाकावर कसं मारता? तिथे दांडा पोचतो? तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी गाडीच्या पोटात शिरून झोपायला सांगितलंय. "आतल्याला कोण मारतं ताई? बाहेरच्यावरून कळतं की! दोघं बरोबरच भरलेले असतात."

बाहेरच्यावरून कळतं! उद्या माझं डोकं दुखलं तर शेजारणीचा ताप बघा! मी म्हटलं, आणि गेज? हवा मोजायचं गेज असतं ना, खिशात मावतं, व्हॉल्व्हला लावलं की आकडा दिसतो? "आहे ना! मालकांनी दिलंय. नवीन आहे. डब्यात आहे." नवीन का आहे? "वापरलं नाही ना ताई, म्हणून." बायको चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "एवढं महागाचं, तेलाच्या हाताने खराब होईल म्हणून हे काढत नाहीत." मी चहा घेतला. दुसरं काय करणार होते? हवा किती होती? ठण्ण होती!

मग म्हटलं ठीक आहे, हवा नाही तर टायर बघू. फुटलेला टायर कुठे आहे? फाटलेल्या टायरच्या चिंध्यासुद्धा बोलतात, कुठून फाटला, तारा कशा तुटल्या, रबर करपलं का, सगळं दिसतं. तर कळलं, क्रेनवाल्यांना ट्रक ओढायचा होता, चाक फिरेना, म्हणून त्यांनी चिंध्या कापून कडेला टाकल्या. मग रस्ता साफ करणारे आले, त्यांनी त्या उचलून आपल्या आवारात नेल्या. आणि त्या आवारात, तुम्हाला सांगते, टायरच्या चिंध्यांचा डोंगर आहे! नव्या, जुन्या, सगळ्या टायरांच्या. दादा म्हणाला, "चल." म्हटलं, अरे, वकील म्हणतात आपण पुरावा शोधायची गरज नाही, सिद्ध त्यांनी करायचं. तो म्हणाला, "मास्तरीण, मला सुटायचं नाहीये. मला बघायचंय."

दोन दिवस. दोन दिवस माझा दादा, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या… नाही, देवळाच्या कशाला, स्वतःच्या घराच्या पायऱ्याही रेलिंग धरून चढणारा माणूस, त्या ढिगात वाकून एकेक चिंधी उलटी करत होता आणि बाजूवरचा नंबर वाचत होता. ऊन असं की रबर हाताला चटके देत होतं. मी टोपी घालून वहीत टिपत होते, रांगा पाडून, ढिगाचे चौकोन करून, पद्धतशीर! त्याच्या नंबराचे दोन सापडले. दोन्ही दुसऱ्याच ट्रकचे, दोन्हींत खिळे घुसलेले. हवा तो तुकडा सापडला नाही. संध्याकाळी तळहात पाण्याखाली धरून दादा म्हणाला, "त्या ड्रायव्हरचा उजवा हात आहे ना गं मोडलेला?" मी म्हटलं, हो. त्याने नळ बंद केला.

आणि मग ती सुनावणी! लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, मधोमध वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि त्यावर सुसरीसारखा पसरलेला वीतभर रुंद नि पुरुषभर लांब रबराचा पट्टा. सुतळीने चिठ्ठी बांधलेली: पुरावा क्रमांक एक. क्रमांक दोन नव्हताच! साहेब म्हणाले, "हा पट्टा अपघाताच्या जागेवर सापडला. चिकटवलेलं रबर सुटलं, टायर फुटला, ट्रक आडवा झाला. सरळ आहे." शेजारी ट्रकचा मालक, पांढरा शर्ट, चेहरा असा पडलेला की हात त्याचाच मोडलाय. "साहेब, रिमोल्ड म्हणजे मरणाला आमंत्रण हो!" अरे! तुझ्या बाकीच्या सगळ्या गाड्यांवर दादाचेच टायर आहेत! ज्या गाडीतून तू सुनावणीला सामान खाली करून आलास, तिच्या मागच्या आठही चाकांवर दादाचा नंबर आहे, मी खाली वाचून आले! आमंत्रण देत गावभर फिरतोयस की तू!

मी उभी राहिले. म्हटलं, एक प्रश्न. हवा किती होती?

साहेबांनी कागद उलटले. "हवा… हवा पुरेशी होती. रकान्यात लिहिलंय, पुरेशी." कोणी मोजली? "ड्रायव्हरच्या जबाबात आहे, तपासली." कशाने? सगळे ड्रायव्हरकडे बघायला लागले. तो बिचारा प्लास्टर सावरत उभा राहिला, मालकाकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि खरं बोलला, "टॉमीने." मला वाटलं, झालं! आता यांना कळेल! तर साहेब समाधानाने म्हणाले, "बघा, तपासलीच होती." आणि वर मला समजावतात, "बाई, अनुभवी माणसाला आवाजावरून कळतं. मी स्वतः गाड्या तपासतो तेव्हा बुटाने ठोकर मारून सांगतो." ठोकर मारून! ज्याच्या सहीने परवाने रद्द होतात तो माणूस मोजमाप बुटाने करतो!

मला राग येतो ना, तेव्हा माझा आवाज बारीक होतो. विद्यार्थी सांगतील तुम्हाला, तो वाईट. मी बारीक आवाजात म्हटलं, साहेब, तो पट्टा जरा उलटा करता? "पुराव्याला हात लावू नका!" मी नाही लावत, तुम्ही लावा. कारकुनाने लावला. म्हटलं, आधी वरच्या खाचा मोजा. त्याने बोटाने मोजल्या, "एक, दोन, तीन, चार." दादा, तू या मापाला किती खाचांचा पट्टा चढवतोस? दादा म्हणाला, "तीन. चारचा मी कधी आणलाच नाही." वही पुढे केली. सव्वीस वर्षांच्या खरेदीत चार खाचांचा एक पट्टा नाही!

साहेब म्हणाले, "छपाईत फरक असेल." छपाईत! म्हटलं, आता उलटा करून कडेने बघा, खाली सांगाड्याच्या तारा लोंबतायत, म्हणजे रबर सांगाड्यासकट फाटलंय. जुन्यावर नवं चढवलेलं असलं की मध्ये जोडाची रेघ दिसते, केसासारखी, पण दिसते. आहे? कारकून चष्मा वर करून बघतो, खाली करून बघतो, "नाही दिसत मॅडम. आरपार एकच आहे." म्हणजे हा पट्टा चढवलेला नाही. म्हणजे या टायरला कोणी कधी हातच लावलेला नाही. म्हणजे, साहेब, ज्याच्याकडे बोट दाखवून तुम्ही रिमोल्डला फाशी देताय, तो कोऱ्या टायरचा तुकडा आहे!

आणि मग मी शेवटचं वाचलं. त्यांच्याच अहवालातलं, पान दोन, त्यांच्याच शब्दांत: 'सदर पट्टा ट्रक उलटला त्या जागेच्या पुढे तीनशे मीटरवर आढळला.' पुढे! अहो, पुढे! ट्रक तिथपर्यंत गेलाच नाही कधी! टायरचा पट्टा सुटला तर मागे पडेल ना? की हा ट्रकला म्हणाला, तू ये सावकाश, मी पुढे जाऊन जागा धरतो? साहेब म्हणाले, "उडाला असेल." तीनशे मीटर? "वारा होता त्या दिवशी." वारा! वाऱ्याने एवढं धूड तीनशे मीटर उडालं आणि शेजारच्या झाडावरची चार पिवळी पानं तुमच्या अहवालातल्या फोटोत जागच्या जागी आहेत? मी म्हटलं, साहेब, हे पान कोणी वाचलं होतं का? कारकून हळूच म्हणाला, "मी टाइप केलं होतं." वाचलं नव्हतं, टाइप केलं होतं!

तर, निकाल. पुराव्याअभावी कारवाई नाही, परवाना कायम. वहिनीने तिथेच माझे दोन्ही हात धरले, "वन्सं, तुम्ही वाचवलंत!" आणि वर, "आता त्यांना लिहून द्यायला सांगा ना, की ह्यांची काही चूक नव्हती म्हणून!" आणि इथे… इथे माझं शिक्षण आडवं आलं. म्हटलं, वहिनी, तसं सिद्ध झालेलं नाही. तो पट्टा आपला नाही, एवढंच सिद्ध झालंय. तिने हात सोडले. "म्हणजे तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?" मी कोणाच्याच बाजूची नाही हो, मी मोजायच्या बाजूची आहे, आणि त्या बाजूला मी एकटीच उभी आहे, आणि तिथे बसायला खुर्चीसुद्धा नाही! खरं तर अजून एक प्रश्न आहे. त्या कोऱ्या टायरचा पट्टा गेलेला कुठला तरी ट्रक रस्त्यावर कुठेतरी होता की नाही? मी विचारलं. साहेब म्हणाले, "ते आपल्या प्रकरणात येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेले तर दारात कोण? ट्रकचा मालक! तोच पांढरा शर्ट. आठ गोटा टायर उतरवून घेत होता. "दादा, राग नका धरू हं. तिथे तसं बोलावं लागतं. हे जरा घाईचं आहे, होईल ना?" दादा एकेक टायर दिव्याखाली घेत होता. पूर्वी एकदा हात फिरवायचा, आता पाच-पाच वेळा फिरवत होता. पाच बाजूला काढले, "हे गेलेत." मालक ओरडला, "अहो, आठातले पाच? यात काय झालंय?" दादा म्हणाला, "काही दिसत नाहीये. पण नको." आणि तो मालक, जाता जाता, उरलेल्या तिन्हींवर… रिमवर नसलेल्या, हवा नसलेल्या, नुसत्या उभ्या करून ठेवलेल्या टायरांवर… बुटाने ठोकर मारून म्हणाला, "हे तर चांगले वाटतायत!"

मालक गेला. चेंबर तापत होता. दादाने हात पुसले आणि विचारलं, "मग माझी चूक नव्हती?" म्हटलं, तसं सिद्ध नाही झालं. "म्हणजे होती?" तसंही नाही झालं. "मग त्या आतल्या चाकाला झालं काय? हवा किती होती?" तुम्हाला सांगते, आठवडाभर हा प्रश्न मी ज्याला त्याला विचारला, आणि विचारणाऱ्याला किती बरं असतं ते मला तेव्हा कळलं. म्हटलं, माहीत नाही, दादा. "कोणाला माहीत असेल?" कोणालाच नाही. मोजली नव्हती, आणि टायर सापडला नाही. "पुढे कधी कळेल?" आता कधीच नाही कळणार.

त्याने चेंबरचा काटा बघितला. मग म्हणाला, "बरं. मग जेवूनच जा."

काय करणार? जेवले.